पुसायचे ते उरते, जपायचे ते हरवते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विशेष शिक्षिका म्हणून शाळेतली नोकरी संपल्यावर अकरा वर्षे मी आठवड्यातून दोन दिवस एका निरीक्षणगृहात मुलांना शिकवायला जात होते. लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजूनही रिमांड होम असेच आहे. आपल्या दैनिकात अल्पवयीन आरोपींविषयी जे छापून येते ते बहुतेक मूल आत जाईपर्यंतचे असते: गुन्हा घडला, मुलाला ताब्यात घेतले, बाल न्याय मंडळापुढे हजर केले. मूल बाहेर पडते तेव्हा बातमी होत नाही, आणि त्या मुलापुरते ते योग्यच आहे, कारण बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. मात्र बातमी नसल्यामुळे बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांची चर्चाही होत नाही. या मुलांपैकी जी दिव्यांग असतात त्यांच्या बाबतीत तर नेमके तेच दिवस सर्वांत अवघड असतात, म्हणून हे पत्र.

एक प्रसंग सांगते. पंधरा वर्षांच्या एका मुलाला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत असे. त्याला आणले त्या दिवशी त्याच्या अंगावरच्या वस्तू नियमाप्रमाणे काढून घेऊन पाकिटात जमा करण्यात आल्या. त्यात एक हातातला दोरा होता, पंचवीस रुपये होते आणि कानामागे लावायची दोन श्रवणयंत्रे होती. यंत्रे मौल्यवान वस्तू म्हणून नोंदवली गेली होती, त्यामुळे ती कुलपात अगदी सुरक्षित राहिली. पुढचे दहा आठवडे तो मुलगा हाक मारली तरी वळून पाहत नसे, आणि त्याच्या वर्तनाच्या नोंदवहीत तीन वेळा ‘उर्मट, सूचना पाळत नाही’ असा शेरा पडला. सुटकेच्या दिवशी पाकीट उघडून यंत्रे परत दिली तेव्हा सेलच्या खाचेत पांढरट पूड साचलेली होती. यंत्र दुरुस्त होण्यासारखे होते. पण वाढत्या वयात कानाचा आकार बदलतो आणि कानात बसणारा साचा पुन्हा घ्यावा लागतो. त्याचे साचे आधीच जुने झाले होते, त्यामुळे ते सैल बसत आणि शिटीसारखा आवाज येई. तो मुलगा यंत्र खिशात ठेवून घरी गेला. शाळेत परतल्यावर पहिल्या बाकावर बसवायचे, तोंडाकडे पाहता येईल असे बोलायचे, हे तिथे कोणाला माहीत नव्हते. तो कुठून आला आहे हे मात्र सगळ्यांना माहीत होते.

या प्रसंगात कोणी दुष्टपणा केला असे मला म्हणायचे नाही. ज्याने यंत्रे जमा केली त्याने नियम पाळला, ज्याने शेरा लिहिला त्याने दिसले ते लिहिले. कायद्याचा हेतू आणि प्रत्यक्ष व्यवहार यांची जी उलटापालट झाली आहे तिच्याकडे मला लक्ष वेधायचे आहे. याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व आहे आणि अपवादात्मक परिस्थिती वगळता मुलाच्या पूर्वीच्या नोंदी पुसल्या जाव्यात असे त्यात म्हटले आहे. कलम २४ नुसार दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता मुलाला चिकटत नाही. सोळा वर्षांवरील मुलाला बाल न्यायालयाने दोषी ठरवले असेल तर तेवढा अपवाद आहे. थोडक्यात, गुन्ह्याची आठवण पुसली जावी आणि मुलाच्या गरजांची माहिती त्याच्याबरोबर पुढे जावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात गुन्ह्याची आठवण गल्लीत, शाळेत आणि पोलीस चौकीत जशीच्या तशी राहते. मुलाला वाचता का येत नाही, त्याला किती ऐकू येते, तो कोणत्या सूचना समजू शकतो, कोणते औषध कोणत्या वेळी घेतो, ही आत असताना कष्टाने जमवलेली माहिती मात्र प्रकरणाच्या फाइलमध्ये बंद होते आणि ती फाइल नष्ट होते तेव्हा तिच्याबरोबर जाते.

दिव्यांग म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे चाकांची खुर्ची किंवा पांढरी काठी येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि निरीक्षणगृहात मला भेटलेली बहुतेक मुले त्यांतल्या न दिसणाऱ्या प्रकारांतली होती: विशिष्ट अध्ययन अक्षमता, सौम्य बौद्धिक अक्षमता, वाचादोष, मानसिक आजार. ही मुले आपले उणेपण लपवण्यात तरबेज असतात. एक मुलगा वळणदार सही करत असे आणि त्या सहीच्या जोरावर त्याला लिहिता-वाचता येते असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. मी त्याला सहीतलेच एक अक्षर वेगळे काढून दाखवले, तर ते त्याला ओळखता येईना. सही हे त्याच्यासाठी पाठ केलेले चित्र होते. त्याच सहीने त्याने कितीतरी कागद ‘वाचून, समजून’ मान्य केले होते. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची आणखी एक सवय चौकशी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समोरच्या मोठ्या माणसाचे समाधान व्हावे म्हणून ती कोणत्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. ‘तू तिथे होतास ना?’ ‘हो.’ ‘तू घरीच होतास ना?’ यालाही ‘हो.’ शंका असलेल्यांनी दोन्ही प्रश्न एकाच मुलाला विचारून पाहावेत.

समाजात परतण्याची तयारी म्हणूनच सुटकेच्या आठवड्यात सुरू करून चालत नाही, ती मूल आत आल्याच्या दिवशी सुरू व्हावी लागते. कायद्याने त्यासाठी जागा ठेवलेली आहे. मुलाला ताब्यात घेतल्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) कळवायचे असते आणि त्याने दोन आठवड्यांच्या आत मुलाच्या घरची, शाळेची, सोबत्यांची माहिती घेऊन सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा असतो. मी पाहिलेल्या अहवालांत बापाचे व्यसन, घराच्या खोल्या, भावंडांची संख्या हे सारे तपशिलाने असे. मुलाला ऐकू येते का, वाचता येते का, तीन टप्प्यांची सूचना एकदम समजते का, याविषयी सहसा एक ओळही नसे. हे तपासायला तज्ज्ञ लागतो असे नाही. चौथीच्या पुस्तकातला एक उतारा, पाठीमागून हळू मारलेली हाक, घड्याळ आणि सुटे पैसे एवढ्यावर प्राथमिक चाळणी अर्ध्या तासात होते. पक्के निदान तज्ज्ञांनीच करावे, पण कोणाला तज्ज्ञांकडे पाठवायचे हे तरी या अर्ध्या तासात कळेल.

‘मुले आत फार दिवस राहतच नाहीत, एवढ्यात काय होणार?’ असे मला अनेकदा ऐकवले गेले आहे. म्हणणे खोटे नाही. जामीन देणे हाच या कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे, आणि चौकशीही चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत, संपावी अशी अपेक्षा आहे. मुले आत कमी राहावीत हे मलाही मान्य आहे. कोणाची चाचणी व्हावी म्हणून त्याला डांबून ठेवा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण मुक्काम थोडा आहे म्हणून तपासणीच नको, हे तर्कशास्त्र मला समजत नाही. तपासणी आत सुरू होऊन बाहेर पूर्ण होऊ शकते, फक्त रुग्णालयाची पुढची तारीख आणि तिथवर मुलाला नेणारे माणूस या दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राबाबत तर २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती. निरीक्षणगृहात येणारी बहुतेक मुले याच दोन वयांच्या मधली असतात आणि कित्येकांची पहिली तपासणीही झालेली नसते.

अधिनियमाचे कलम ५३ या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांना संस्थेत चाकांची खुर्ची, कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र, ब्रेल साहित्य पुरवणे, त्यांना विशेष शिक्षण देणे, प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र संगोपन आराखडा करून त्याचा पाठपुरावा करणे आणि गरज असेल तिथे ओळखीची कागदपत्रे मिळवून देणे, हे सारे त्यात लिहिलेले आहे. ज्या कायद्यात श्रवणयंत्र द्यायला सांगितले आहे त्याच कायद्याखालच्या संस्थेत असलेले श्रवणयंत्र काढून कुलपात ठेवले गेले, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नसावी.

आता पालकांविषयी. दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय काढला की प्रशासनाइतकाच विरोध घरूनही होतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सही पाठ केलेल्या त्या मुलाच्या आईला मी तपासणीविषयी सांगितले तेव्हा ती बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, “बाई, एक शिक्का बसला तो पुरे नाही का? आता हा दुसरा कशाला? लोक आधी चोर म्हणत होते, आता वेडा म्हणतील.” मी तिला म्हटले, “ताई, पहिला शिक्का कायद्याने पुसायचा आहे. दुसरा शिक्का नाहीच, ती किल्ली आहे.” त्यावर तिने लगेच विचारले, “कुठल्या कुलपाची?” मला थांबावे लागले. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक, बसचा सवलतीचा पास, व्यवसाय प्रशिक्षणातील राखीव जागा, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण, असे मी सांगत गेले. ती ऐकत होती. शेवटी तिने तपासणीला होकार दिला तो यांतल्या कशामुळेही नाही. ‘हा मुद्दाम करत नव्हता’ हे त्याच्या वडिलांना कोणीतरी कागदावर लिहून द्यावे, एवढीच तिची इच्छा होती.

त्या प्रमाणपत्राच्या अर्जावर पत्ता म्हणून निरीक्षणगृहाचा पत्ता घातला गेला. तो मी वेळेत पाहिला म्हणून बदलता आला. नाहीतर तो कागद मुलाने शाळेत, बसच्या खिडकीशी, नोकरीच्या ठिकाणी कुठेही दाखवला असता तरी त्यावरून सगळे कळले असते. म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की दिव्यांगत्वाशी संबंधित कागदांची फाइल प्रकरणाच्या फाइलपासून पहिल्या दिवसापासून वेगळी असावी. तिच्यात गुन्ह्याचा, कलमांचा, मंडळाचा किंवा संस्थेचा उल्लेख नसावा, पत्ता घरचा असावा आणि ती सुटकेच्या दिवशी पालकांच्या हाती द्यावी. प्रकरणाची फाइल पुढे नियमाप्रमाणे नष्ट होऊ दे, ही घरी राहील. यासाठी नवा कायदा नको आणि फारसा खर्चही नाही.

दुसरी मागणी सुटकेच्या अटींविषयी आहे. मुलाला जामिनावर किंवा परिवीक्षेवर सोडताना अटी वाचून दाखवल्या जातात: अमुक तारखेला हजर राहायचे, तमुक वस्तीत जायचे नाही, शाळेत नियमित जायचे. ज्या भाषेत त्या लिहिलेल्या असतात ती धडधाकट प्रौढालाही दोनदा वाचावी लागते. बौद्धिक अक्षमता असलेला एक सोळा वर्षांचा मुलगा ‘दर पंधरा दिवसांनी सोमवारी’ हजर राहण्याची अट दोनदा चुकला आणि त्याने जाणूनबुजून अट मोडली असे धरले गेले. त्याला वार म्हणून दाखवता येत होते, पण आज कोणता वार आहे हे सांगता येत नव्हते, आणि पंधरा दिवस मोजणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. तिसऱ्या खेपेला आम्ही घरच्या दिनदर्शिकेवर हजेरीच्या प्रत्येक तारखेला त्याच्याच हाताने आईच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली. रोज सकाळी त्याने एक चौकोन खोडायचा आणि टिकली आली की निघायचे. घड्याळ वाचता येत नव्हते, म्हणून पुठ्ठ्यावर दहाची वेळ दाखवणारे काटे काढून तो पुठ्ठा भिंतीवरच्या घड्याळाखाली लावला: वरचे आणि खालचे चित्र सारखे दिसले की दार ओढून बाहेर पडायचे. पुढच्या सात तारखांपैकी एकही चुकली नाही. एकदा तर तो सुट्टीच्या दिवशी बंद कार्यालयापुढे जाऊन बसला होता, कारण टिकली लावताना सुट्टी आहे हे आमच्याच ध्यानात आले नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली आहे, स्वातंत्र्य हिरावले गेलेल्या दिव्यांगांनाही त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोयी मिळाल्या पाहिजेत असे म्हटले आहे. वाजवी सोय हा शब्द ऐकला की अधिकाऱ्यांना उद्वाहक (लिफ्ट) आणि निविदा आठवतात. पुष्कळदा ती लाल टिकलीएवढी असते. अटी सोप्या वाक्यांत, चित्रांसह द्याव्यात, मुलाने त्या आपल्या शब्दांत सांगाव्यात आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा, एवढे मंडळाला आजही करता येईल.

मुलाला बाहेर कोण स्वीकारते, हा मला सर्वांत कठीण वाटणारा प्रश्न आहे. निरीक्षणगृह, परिवीक्षा अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष महिला व बाल विकास विभागाकडे येतात. प्रमाणपत्र देणारे रुग्णालय आरोग्य खात्याचे, शाळा आणि गटसाधन केंद्रातील, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना साहाय्य करणाऱ्या केंद्रातील, विशेष शिक्षक शिक्षण विभागाचे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याचा आम्हा सर्वांना आनंद झाला, पण या मुलांच्या दृष्टीने आणखी एक दार वाढले. प्रत्येक दारावर विचारले जाते की हे प्रकरण आमच्याकडे कसे? दिव्यांगांच्या योजना पाहणाऱ्याला निरीक्षणगृह आपले वाटत नाही, आणि बाल न्यायाचे काम पाहणाऱ्याला दिव्यांगत्व हा वैद्यकीय विषय वाटतो. मूल मधल्या वऱ्हांड्यात उभे राहते.

यावर समित्या नेमण्याचा सल्ला मी देणार नाही, समित्या आहेत. प्रत्येक दिव्यांग मुलाच्या सुटकेच्या आदेशात एका माणसाचे नाव, हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक असावा, आणि त्या माणसाने सुटकेपूर्वी मुलाला किमान एकदा भेटलेले असावे. ते परिवीक्षा अधिकारी असोत, कक्षातील समुपदेशक असोत की गटसाधन केंद्रातील शिक्षक, पालकांना ‘कार्यालयात या’ असे न सांगता ‘यांना फोन करा’ असे सांगता आले पाहिजे. त्या माणसाने पहिल्या महिन्यात तीनदा घरी किंवा शाळेत जावे. पहिला महिना म्हणते, कारण मुले पुन्हा घसरताना मी पाहिली ती बहुधा त्याच काळात. शाळेने उद्या या म्हटलेले असते, औषधाची पट्टी संपलेली असते, आई-वडील कामावर गेलेले असतात आणि जुने सोबती मात्र दाराशी हजर असतात. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही अशा मुलाला वापरून घेणे फार सोपे असते. माल पोहोचवायला, पहाऱ्याला उभे राहायला आणि शेवटी सापडायला असेच मूल निवडले जाते.

शाळेविषयी थोडेच लिहिते, कारण तिथले नियम स्पष्ट आहेत. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून तो नाकारता येत नाही. चौदाच्या पुढच्या मुलांसाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे, पण ‘अशा मुलांसाठी तेच बरे’ म्हणून सरसकट तिकडे ढकलणे मला मान्य नाही. घरी बसून स्वतःच्या शिस्तीने अभ्यास करणे ज्याला जमत नाही त्यालाच घरी बसवण्याचा हा प्रकार होतो.

अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्यांचा पेच निराळा आहे. त्या वाढदिवशी बालकांच्या बहुतेक सोयी संपतात. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला अधिनियमात अनुरक्षणाची, म्हणजे पुढील देखभालीची, तरतूद एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्यही आहे. पण अर्ज, बँक खाते, मुलाखत ही वाट बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाने एकट्याने चालायची कशी? ज्यांना कायदेशीर पालकाची खरोखर गरज आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. हे किती आई-वडिलांना सांगितले जाते? माझ्या अकरा वर्षांत मी तरी ते दुसऱ्या कोणाला सांगताना पाहिले नाही, आणि पहिली काही वर्षे मलाही ते ठाऊक नव्हते.

ज्यांना या मुलांच्या कृत्यांमुळे इजा झाली त्यांचे काय, असे काही वाचक विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. दिव्यांगत्व ही सबब म्हणून मी मांडलेली नाही. मंडळाने जे ठरवायचे ते ठरवावे, जी शिस्त लावायची ती लावावी. पण अट समजली नाही म्हणून मोडली गेली आणि ऐकू आले नाही म्हणून उत्तर दिले नाही, यांसाठी मुलाला पुन्हा आत आणल्याने इजा झालेल्या कोणाचेही समाधान होत नाही.

मुलांच्या कैदेचा प्रश्न १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो शीला बर्से या पत्रकाराच्या याचिकेमुळे. म्हणून हे पत्र मी कोणत्याही विभागाला न पाठवता आपल्याला पाठवत आहे. आपल्या जिल्हा वार्ताहरांनी आपापल्या जिल्ह्यात तीन गोष्टी विचाराव्यात अशी विनंती आहे: निरीक्षणगृहात आलेल्या मुलांची ऐकण्याची आणि वाचण्याची तपासणी पहिल्या दोन आठवड्यांत होते का, गेल्या वर्षी तिथे असताना किती मुलांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले, आणि सुटकेनंतर त्यांच्या घरी कोण गेले. कोणाचे नाव विचारावे लागणार नाही. तिथल्या कपाटात जमा वस्तूंची पाकिटे असतात, त्यांत एखादे श्रवणयंत्र किंवा चष्मा आहे का, तेही जाता जाता पाहावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षिका